शुद्ध वीज आणि शुद्ध सूर

गेल्या उन्हाळ्यात माझा पुण्याचा पुतण्या सुटीस चुडाव्याला आला, तो एक जड लोखंडी पेटी घेऊनच. पूर्णा आणि नांदेड यांच्यामधले आमचे स्टेशन लहान; गाडी येथे थांबते न थांबते तोच निघते. तेवढ्या अवधीत ती पेटी फलाटावर उतरवताना आम्हां दोघांची चांगलीच तारांबळ उडाली. घरी आल्यावर कळले की, या पेटीस पॉवर कंडिशनर म्हणतात. भिंतीतून येणारी वीज अशुद्ध असते. ती या पेटीच्या पोटातून गेली म्हणजे शुद्ध होते. आणि अशी शुद्ध वीज गाण्याच्या यंत्रास दिली म्हणजे सूर मोकळे होतात, तबल्याचा बायाँ खोल उतरतो, गाणाऱ्याचा श्वासदेखील ऐकू येतो, असे तिचे माहात्म्य. पेटी त्याने मित्राकडून आठ दिवसांपुरती मागून आणली होती. पसंत पडली तर तसलीच एक घरात घ्यावी असा बेत होता. किंमत ऐकून मी गप्प बसलो. माझा दोन महिन्यांचा पगार तीत सहज गेला असता.

एरवी मी हा विषय तेथेच संपवला असता. परंतु पेटी आणण्यामागचे कारण माझ्याही जिव्हाळ्याचे होते. आमच्या घरी एक कॅसेट आहे. 1991 सालच्या दिवाळीत माझ्या धाकट्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, आजीला जात्यावर बसवून तिच्या ओव्या त्या कॅसेटवर भरून घेतल्या. मी तेव्हा चौथीत होतो आणि जात्यात मूठमूठ ज्वारी घालण्याचे काम माझ्याकडे होते. पुढे तीन वर्षांनी आजी गेली. तिचा आवाज उरला आहे तो तेवढाच. पण कॅसेट लावली की आजीच्या आवाजामागे एक सलग गुणगुण ऐकू येते. ओव्यांतले काही शब्द तिच्यात बुडून जातात. पुतण्याचे म्हणणे, "काका, ही सगळी घाण विजेची आहे. पेटी लावून बघा, आजी समोर बसून गायल्यासारखी वाटेल."

आता सांगा, असे म्हटल्यावर कोणता माणूस दोन महिन्यांच्या पगाराचा हिशेब करीत बसेल?

तथापि मी पडलो मास्तर. मॅट्रिकपलीकडची विद्या गाठीशी नसली, तरी मुलांना प्रश्न विचारायला लावण्याची सवय जडलेली. तेव्हा पेटी उघडण्यापूर्वी मी स्वतःलाच विचारले: यंत्राला मिळणारी शक्ती चांगली, तर गाणे चांगले, हे खरे काय? आणि शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न आजचा नव्हे. यंत्राच्या तोंडून गाणे घरात आले, त्याच दिवशी तो त्याच्या पाठोपाठ उंबऱ्यातून आत आला.

आपल्या देशातले गाणे तबकडीवर उतरू लागले ते 1902 साली, कलकत्त्यास गौहरजान गायल्या तेव्हापासून. त्यानंतर अब्दुल करीम खाँसाहेब, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचे स्वर तबकड्यांतून महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. त्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. हाताने किल्ली द्यावी, आतली पोलादी कमान आवळावी, आणि ती उलगडता उलगडता तबकडी फिरवी. पण कमानीचा स्वभाव असा की, किल्ली नुकतीच दिलेली असताना तिचा जोर फार, आणि उलगडत गेली की तो ओसरत जाणार. जोर कमी झाला की तबकडी मंदावणार, आणि तबकडी मंदावली की सूर उतरणार. हिशेबच करायचा तर, वेग शेकडा सहाने घटला की गाणे जवळजवळ एक पट्टी खाली येते. काळी दोनचे गाणे पांढरी दोनवर बसते. खाँसाहेबांच्या सुराला असा धक्का कोण सहन करील?

यावर त्या काळच्या कारागिरांनी फार सुंदर तोड काढली होती. जुना ग्रामोफोन कधी उघडलेला पाहिलात, तर आत एका उभ्या-आडव्या चाकांच्या संगतीत तीन छोटी वजने पातळ पट्ट्यांवर बसवलेली दिसतील. आस वेगाने फिरू लागला की वजने बाहेर फाकतात, एका चकतीला ओढतात, ती चकती चामड्याच्या गादीवर घासते आणि वेग आवरला जातो. वेग घटला की वजने आत येतात आणि चकती सुटते. कमानीचा जोर कमीजास्त होवो, तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तरच फेरे घेणार! घरातल्या गाण्यासाठी शक्तीला शिस्त लावणारी मला ठाऊक असलेली पहिली युक्ती हीच. मात्र एक गोष्ट नीट पाहावी. तेथे दोष काय, तो कोठून येतो आणि कानाला काय ऐकू येते, हे तिन्ही आधी कळलेले होते. औषध मागून आले. या लेखात मला जे सांगावयाचे आहे त्याचे बीज येथेच आहे.

मग रेडिओ आला. मुंबईचे ध्वनिक्षेपण केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. खोपोलीच्या पाण्यावर निघालेली वीज 1915 सालापासूनच मुंबईच्या गिरण्या चालवीत होती. तेव्हा मुंबईकराला वीज ही काही नवलाई नव्हती. आमचा मराठवाडा मात्र निजामाच्या राज्यात. आमच्या आजोबांच्या पिढीला विजेचा दिवा पाहायचा तर मोठ्या शहरी जावे लागे. बिनविजेच्या खेड्यात ज्या कोणा श्रीमंताकडे रेडिओ असे, तो बॅटऱ्यांवर चाले. बॅटऱ्या महाग, त्या उतरल्या की आवाज बारीक होई. म्हणून बातम्यांपुरताच रेडिओ लावायचा असा घरोघरचा शिरस्ता. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी मोकळे झाले, ती बातमी कित्येक गावांत अशाच जपून वापरलेल्या बॅटरीवर आली असेल. पण बॅटरीचा एक गुण सांगायलाच हवा. तिची वीज एकाच दिशेने, एकाच संथ ओघाने वाहते. तिच्यात लाटा नाहीत. म्हणून त्या रेडिओत विजेची म्हणून जी गुणगुण असते, ती नसे.

ही गुणगुण काय असते, ते आता पाहू. भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे हेलकावे घेते. गाण्याच्या यंत्राला असली हेलकावणारी वीज चालत नाही. त्याला बॅटरीसारखी सरळ वाहणारी लागते. म्हणून यंत्राच्या आतच ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, मग उलट जाणारा प्रत्येक हेलकावा सुलटा केला जातो, आणि शेवटी कंडेन्सर नावाचे डबे त्या उंचसखल विजेला सपाट करतात. पाण्याच्या टाकीसारखेच हे. वर नळ धो-धो किंवा थेंबथेंब येवो, खालच्या तोटीची धार एकसारखी. टाकी लहान असली किंवा गळकी झाली, म्हणजे मात्र वरचे धक्के खालच्या धारेत उतरतात. उलटे हेलकावे सुलटे केल्यामुळे पन्नासांचे शंभर होतात, आणि सेकंदाला शंभर कंपनांचा एक सूर गाण्यात मिसळतो. संगीत जाणणाऱ्या वाचकांना गंमत वाटेल: हार्मोनियमच्या पांढरी एकवर षड्ज धरला, तर मंद्र पंचम अठ्ठ्याण्णव कंपनांवर येतो. म्हणजे विजेची गुणगुण हा किंचित चढलेला मंद्र पंचमच. न लावलेल्या तंबोऱ्याची एकच तार कोणी अखंड छेडीत बसावी तसा!

या दोषावर एक मोठा उपाय सापडला तोही योगायोगाने 1927 सालीच. मुंबईचे केंद्र सुरू झाल्यावर दहाच दिवसांनी, 2 ऑगस्टला, हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा अमेरिकन इंजिनियर नावेतून हडसन नदी ओलांडून कामावर चालला होता. नावेतच त्याला एक कल्पना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावर त्याने ती टिपून घेतली. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही भाग उलटा करून पुन्हा आत द्यावा, म्हणजे यंत्राने पदरचे जे काही घातले असेल ते बरेचसे आपोआप कापले जाते, अशी ती कल्पना. पुढे घरगुती ध्वनिवर्धकांत ती सर्रास वापरली गेली. त्यामुळे चांगल्या बनावटीचे यंत्र विजेतले बारीकसारीक दोष स्वतःच निस्तरू लागले. जी पेटी आज बाहेरून जोडा म्हणतात, तिचे पुष्कळसे काम यंत्राच्या पोटातच होत असते, हे गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही.

महाराष्ट्र राज्य झाले 1960 साली आणि त्याच वर्षी राज्याचे वीज मंडळही झाले. साठच्या दशकात येलदरीचे धरण बांधले गेले, परभणीस आकाशवाणीचे केंद्र आले, आणि 1971 साली परळीच्या औष्णिक केंद्रातून वीज निघू लागली. हळूहळू आमच्याकडच्या गावांतून खांब उभे राहिले. तोवर ट्रान्झिस्टर खेड्यापाड्यांत पोहोचला होता. सेल महाग पडतात म्हणून लोकांनी त्याला एलिमिनेटर नावाची छोटी डबी जोडली. सेलचा खर्च वाचला, पण डबीतली टाकी लहान. त्यामुळे बातम्यांमागे, कीर्तनामागे, नाट्यगीतांमागे तो चढलेला पंचम कायमचा मुक्कामाला आला. लोकांना त्याची इतकी सवय झाली की, तो रेडिओचाच आवाज वाटू लागला.

दुसरा दोष दाबाचा. कायद्याप्रमाणे घरगुती विजेचा दाब ठरल्या आकड्याहून शेकडा सहापेक्षा अधिक ढळू नये. म्हणजे 230 धरले तर 216 आणि 244 यांच्या दरम्यान राहावा. पण रब्बीच्या दिवसांत साऱ्या शिवारातले पंप एकदम सुरू झाले की, दिव्याची तार निखाऱ्यासारखी लाल दिसायची, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही आठवत असेल. दाब इतका पडला की यंत्रातली टाकी भरतच नाही, आणि आवाज फाटतो. यावर स्टॅबिलायझर आला. टक् करून आवाज करणारी ती पेटी टीव्हीच्या शेजारी क्रोशाच्या रुमालाखाली ठेवण्याची पद्धत होती. तिने खरोखरच काम केले, कारण रोग खरा होता.

तिसरा दोष अधिक नाजूक. सेकंदाचे पन्नास हेलकावे हे पन्नासच असतील, याची पूर्वी खात्री नसे. नव्वदच्या दशकात संध्याकाळी मागणी वाढली की ते अठ्ठेचाळीसच्या आसपास उतरत. ज्या रेकॉर्डप्लेअरची मोटर या हेलकाव्यांच्या तालावर फिरे, तिचा वेग शेकडा चारांनी घटे, आणि गाणे पाऊण पट्टी उतरे. म्हणजे संध्याकाळची रेकॉर्ड दुपारच्या रेकॉर्डशी बेसूर! वीज आणि सूर यांचे नाते याहून सरळ कोणते असू शकेल? पण यावरचा इलाज कोणा घरमालकाच्या पेटीत नव्हता. 2002 साली पश्चिम भारतात विजेचा दर या हेलकाव्यांशी बांधला गेला, शिस्त मोडणाऱ्याला भुर्दंड बसू लागला. आणि 2013 सालच्या शेवटच्या दिवशी दक्षिणेचे जाळे जोडले जाऊन साऱ्या देशाची वीज एका तालावर आली. आता ताल 49.90 ते 50.05 यांच्यामध्ये राखण्याचा दंडक आहे. तो रोग घरात नव्हे, देशात बरा झाला.

पुढे भारनियमनाची वर्षे आली. 2013 च्या फेब्रुवारीत तर दुष्काळाने पाणीच उरले नाही, म्हणून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. घरोघर इन्व्हर्टर बसले, आणि त्यांच्याबरोबर एक नवा आवाज आला. स्वस्तातला इन्व्हर्टर विजेची गोल लाट काढीत नाही, पायऱ्यापायऱ्यांची काढतो. तिने पंखा घुरघुरतो आणि स्पीकरही करकरतो. गोल लाटेचा इन्व्हर्टर घेतला की करकर थांबते. येथेही रोग ओळखला की औषध साधे.

एवढी पूर्वपीठिका ध्यानात घेऊन आता पुतण्याच्या पेटीकडे वळू. असल्या पेट्यांत सामान्यतः तीन गोष्टी असतात: विजेतली बारीक कुरकुर अडवणारी वेटोळी आणि कंडेन्सर, वीज उसळली तर ती गिळणारे भाग, आणि काही महागड्या पेट्यांत आलेली वीज मोडून नव्याने गोल लाट घडवणारे यंत्र. यांतले दुसरे काम निश्चित मोलाचे आहे. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज कडाडली की टीव्ही जळाल्याच्या बातम्या येतात. थेट वीज कोसळली तर कोणतीच पेटी वाचवणार नाही, पण तारेतून येणारी उसळी अडवता येते. मात्र ते यंत्राचे रक्षण झाले, सुराची सुधारणा नव्हे. पहिल्या कामाचा उपयोग परभणी केंद्र मध्यम लहरींवर ऐकताना थोडाफार होऊ शकतो, कारण शेजारच्या मोटारीची, नव्या दिव्यांची कुरकुर त्या लहरींत तारेवाटेही शिरते आणि हवेवाटेही. तारेवाटेची पेटी अडवील, हवेवाटेची अडवणार नाही.

पण कॅसेटचे काय? आम्ही परीक्षा घ्यायचे ठरवले. नुसते ऐकून मत देण्यात अर्थ नाही; महागडी वस्तू समोर दिसली की कानही तिच्या बाजूने साक्ष देतात. यात लबाडी नसते, माणसाचा स्वभावच तो. म्हणूनच डेव्हिड क्लार्क या अमेरिकन ध्वनितज्ज्ञाने 1982 साली शास्त्रीय नियतकालिकात एक यंत्र वर्णन केले, ज्यात कोणते उपकरण वाजते आहे ते ऐकणाऱ्यालाही कळत नाही आणि बदलणाऱ्यालाही. आमच्याकडे ते यंत्र नव्हते. माझी मुलगी होती. ती पडद्याआड बसली. नाणे उडवायचे, छापा आला तर पेटीतून, काटा आला तर थेट भिंतीतून वीज द्यायची, आणि वहीत टिपून ठेवायचे. ऐकायला पुतण्या, मी आणि आमच्या भजनी मंडळाचे पेटीवादक. पेटीवादकांचा कान असा की, मंडळात कोणाची टाळ बदलली तरी डोळे मिटून सांगतील. दहा फेऱ्या झाल्या. पुतण्याचे पाच अंदाज बरोबर, माझे चार, पेटीवादकांचे पाच. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्यापेक्षा माझं नाणं बरं." पुतण्या हिरमुसला, पण मुलगा प्रामाणिक, त्याने वहीवर सही केली.

तरीही गुणगुण होतीच. पेटीतून लावा, भिंतीतून लावा, आजीमागे तो चढलेला पंचम तसाच. मग मला सुचले ते खरे म्हणजे पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. जुना टेपरेकॉर्डर काढला, त्यात सहा नवे सेल घातले आणि घराचा मेन स्विचच बंद केला. आता घरात वीज म्हणून नव्हतीच. कॅसेट लावली. गुणगुण तशीच!

तात्या ओसरीवर बाजेवर पडून हा सगळा खटाटोप पाहत होते. ते उठून बसले. म्हणाले, "अरे, त्या दिवशी सेल उतरले व्हते. म्हणून ते डबडं लावलं व्हतं. गुणगुण कॅसेटीतच हाय. फुडं ऐका की." पुढे आम्ही कधी ऐकलेच नव्हते. तिसऱ्या ओवीनंतर एक खट् आवाज येतो, आणि आम्ही नेहमी तेथेच कॅसेट संपली असे समजून बंद करीत असू. या वेळी तशीच चालू ठेवली. बराच वेळ नुसती खरखर. तात्यांनी सांगितले की, तेवढ्यात लाइट गेली होती. त्यांनी घरातल्या टॉर्चमधले सेल काढले, उरलेले शेजाऱ्यांकडून आणले आणि पुन्हा बटण दाबले. खरखर थांबली. जात्याची घरघर सुरू झाली, माझा बालपणीचा आवाज "घालू का?" म्हणाला, आणि त्यावर आजीचा सूर आला. मागे पंचम नाही, काही नाही. पाच ओव्या, शब्दन् शब्द स्पष्ट. मेन स्विच बंद असल्याने घरात पंखाही नव्हता. कोणी बोलले नाही.

जो प्रयोग आम्ही पडद्याआड करू पाहत होतो, तो चौतीस वर्षांपूर्वीच त्या एका फितीवर होऊन बसला होता.

आमच्या पूर्णा तालुक्याजवळपासच्या स्त्रियांच्या ओव्यांचे मोल बाहेरच्यांनी आमच्याआधी ओळखले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी एक हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या, आणि परभणी जिल्ह्यातल्याच ताडकळसच्या गंगूबाई आंबोरे यांचा आवाज 1996 साली ध्वनिमुद्रित झाला. आज तो जगात कोठेही ऐकता येतो. त्यांचे काम ऐकताना एकच गोष्ट मनात येते: आवाज धरून ठेवण्याची वेळ एकदाच येते. त्या वेळी यंत्राला मिळणारी वीज कशी आहे, याला फार महत्त्व आहे. तेव्हा शिरलेला दोष पुढे कोणत्याही पेटीने निघत नाही, कारण तो विजेत राहिलेला नसतो, गाण्यात जाऊन बसलेला असतो. संगणकावर तो काहीसा खरवडता येतो; पण शंभराच्या पटीतले त्याचे भाऊबंद माणसाच्या आवाजातच मिसळलेले असल्याने खरवडताना आजीही थोडी खरवडली जाते.

तेव्हा वाचकहो, पेटी घ्यावी की न घ्यावी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे. आधी दोष शोधा. दाब पडत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. इन्व्हर्टरवर करकर येत असेल तर इन्व्हर्टर बदला. दोन यंत्रे दोन खोल्यांच्या बोर्डांवर असून गुणगुण येत असेल, तर दोन्ही एकाच बोर्डावर लावून पाहा. पुष्कळदा पेटीने जो चमत्कार झाला म्हणतात, तो एवढ्यानेच होतो. विजेच्या कडकडाटाचे भय असेल तर उसळी गिळणारा साधा बोर्ड घ्या. आणि यांतले काहीच नसेल, यंत्र बरे असेल, तर विजेला आणखी शुद्ध करून सूर शुद्ध होणार नाही. ग्रामोफोनच्या तीन वजनांपासून देशाच्या एका तालापर्यंत जे जे उपाय उपयोगी पडले, त्यांच्यापुढे नाव घेऊन सांगता येईल असा दोष होता. नाव नसलेल्या दोषावरचे औषध महागच असते.

पेटी पुण्यास परत गेली. वाचलेल्या पैशांतून आम्ही अंगणात अर्थिंगचा खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, कोळसा-मीठ भरले. जुन्या घराला अर्थिंगच नव्हते, हे त्या निमित्ताने कळले. कॅसेट परभणीस नेऊन संगणकावर उतरवून घेतली, गुणगुणीसकट. या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान उरकल्यावर, आम्ही ती लावणार आहोत. तात्यांनी सांगून ठेवले आहे, की सुरुवातीपासून लावायची आणि खट् झाल्यावर कोणी बटणाला हात लावायचा नाही.